पाचाची माळ, बाराची बॅटरी

“माळ जळाली म्हणजे व्रत मोडलं का हो, माई?”

कुमुदताईंनी पायरीवर चप्पल काढता काढताच विचारलं. नमस्कार मागाहून केला.

माई ओसरीवर भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मांडीवर सूप. टेकडीवरच्या ह्या दत्ताच्या मठात त्यांना येऊन चाळीस वर्षं झाली होती. सत्तरी उलटली, तरी बोट बरोबर खड्यावरच पडायचं.

“कसली माळ?”

“दिव्यांची. शंभर दिव्यांची… इलेक्ट्रिकची हो.”

“बस.”

कुमुदताई बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. उठायच्या तयारीतच. पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, उलगडली. आत बारीक दिव्यांची तार होती. अर्ध्या दिव्यांची टोकं काळवंडलेली. जळक्या प्लास्टिकचा वास ओसरीवर पसरला.

माईंनी माळेकडे पाहिलं. मग कुमुदताईंच्या तोंडाकडे पाहिलं.

“जेवलीस का?”

“घास उतरत नाही, माई.”

उतरणार कसा? हर्षदा ही त्यांची एकुलती लेक. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे तिला दिवस राहिले. ज्या दिवशी कळलं, त्याच संध्याकाळी कुमुदताई देवघरापुढे हात जोडून बोलून बसल्या, ‘बाळ सुखरूप घरी येईस्तोवर रोज दिवेलागणीला तुझ्यापुढे शंभर दिव्यांची माळ लावीन.’

माळच का? तर शंभर पणत्यांना फ्लॅटमध्ये जागा नव्हती आणि यजमानांना दमा, धूर सोसायचा नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, “देव काय मीटर बघायला येणार आहे? लावा.” दुकानात एका खोक्यात दोन माळा मिळाल्या.

त्या दिवसापासून एकही संध्याकाळ चुकली नाही. कॅलेंडरवर रोज कुंकवाचं एक बोट. एकशे ऐंशी बोटं झाली होती.

आणि काल सकाळी गावातली डीपी जळाली, वीज गेली.

“दुपारपर्यंत येईल म्हणाले. आली नाही. दिवेलागण झाली. मी म्हटलं, एकशे ऐंशी दिवस लावलेली माळ आजच चुकायची? आणि तिकडे पोर नाशिकला दवाखान्यात…”

“दवाखान्यात कशाला? आठवाच ना तिला?”

“बीपी वाढलंय. चार दिवस झाले. आज सात वाजता मोठे डॉक्टर येणार. उतरलं नसेल तर… तर आजच पोट उघडून बाळ काढणार म्हणतात. बाळ अजून एवढंसं आहे, माई.”

कुमुदताईंनी ओंजळ केली आणि लगेच पदराआड लपवली.

सुपातले तांदूळ थांबले.

“मग काल काय केलंस?”

“ह्यांच्या स्कूटरची बॅटरी काढवली. माळेची पिन कापली, आतल्या दोन तारा सोलल्या आणि लावल्या.”

“लागली?”

“लागली की! काय सांगू तुम्हांला, अख्खं देवघर पांढरंशुभ्र. लक्ष्मीपूजनाला नसेल असा उजेड. मी हात जोडले. म्हटलं, देवा, पावलास… आणि डोळे उघडते तो अंधार. नुसता वास.”

“हं.”

“माझंच चुकलं, माई.”

“काय चुकलं?”

कुमुदताईंनी मान खाली घातली. आवाज अगदी बारीक झाला.

“सोमवारी… उपास असताना… चहाबरोबर खारं बिस्कीट खाल्लं. अर्धंच. तोंडात गेल्यावर आठवलं.”

माईंना हसू आलं असावं. पण त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला आणि तेवढ्यात तोंड वळवून घेतलं.

“अर्ध्या बिस्किटानं माळ जळाली?”

“नाहीतर कशानं? एकशे ऐंशी दिवस लागली, तेव्हा काही झालं नाही. बिस्कीट खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी जळाली. आणि कालपासून तिचं बीपी आणखी वर…” त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. “म्हणून इथे आले. जोडीची दुसरी माळ आणली आहे. घरची ती स्कूटरची बॅटरी. तिच्यावर चपला ठेवून बसलेलं असतं माणूस. मठातली तशी नाही. मोठी आहे, सोलरची, दत्ताच्या दारातली. हिच्यावर लावली तर टिकेल. नाही का?”

माईंनी सुपातला आणखी एक खडा वेचला.

“लावू ना, माई? सव्वासहा झाले.”

“देवाला दिवा लावलास?”

“नाही… आल्या आल्या विचारतच बसले.”

“आधी तो लाव. हर्षदाच्या नावानं.”

कुमुदताई उठल्या. कोनाड्यातली पणती घेतली, वात वळली, दोन पळ्या तेल घातलं. ओढताना दोन काड्या वाया गेल्या. तिसऱ्या काडीला ज्योत धरली. पणती त्यांनी पादुकांपुढे ठेवली आणि लेकीचं नाव तीनदा घेतलं.

पिशवीतला फोन त्यांनी पुन्हा एकदा पाहिला. काही नाही.

“फोन येणार आहे?” माईंनी विचारलं.

“येईल तेव्हा खरं. जावई मला माझ्या लेकीशी बोलू देत नाहीत, माई.” आता आवाजात रडण्याआड रागही होता. “दुपारी म्हणाले, ‘आई, संध्याकाळपर्यंत फोन करू नका.’ तिचा फोनच बंद करून ठेवलाय.”

“त्याआधी सकाळपासून तू किती वेळा केलास?”

“केले असतील… अकरा. बाराव्याला बंद लागला.”

“काय बोललीस?”

“आईनं काय बोलायचं? डाव्या कुशीवर झोपलीस का. पाय सुजलेत का. डोळ्यांपुढे अंधारी येते का. अंगारा लावलास का. मीठ खाल्लं नाहीस ना. आणि त्या सरोजच्या सुनेला असंच झालं होतं, तिनं दुर्लक्ष केलं तर काय झालं, तेही सांगितलं… नीट काळजी घ्यावी म्हणून. दुसरं कोण सांगणार तिला?”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. आधी हं हं करत होती. मग रडायलाच लागली. म्हणून मी लगेच परत फोन केला, रडू नकोस सांगायला.”

माईंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कोपऱ्यात तेलाचा मोठा डबा होता, पंधरा किलोचा, अर्ध्याहून जास्त भरलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

“अहो माई, मी देते ना, कंबर धरेल तुमची…”

माई पादुकांपुढे गेल्या. डबा वाकवला.

तेलाची जाड धार पणतीत पडली. पणती भरली. काठावरून वाहिली. ज्योत एकदा उंच झाली, तडतडली… आणि वात तळाशी गेली.

धुराची एक रेघ वर गेली.

“माई!”

कुमुदताई ओरडल्याच. त्यांना घेऊन आलेले कासमभाई रिक्षावाले खालच्या पायरीवर बसले होते, ते दचकून उभे राहिले.

“काय केलंत हे? हर्षदाच्या नावाचा दिवा तो! आजच्या दिवशी… तुमच्या हातून…”

“तेलच घातलं गं.”

“एवढं?”

“कमी पडू नये म्हणून.”

कुमुदताई एक पाऊल मागे सरल्या. तेल फरशीवरून ओघळत त्यांच्या पायापर्यंत आलं होतं.

माई खाली बसल्या. पणतीतलं तेल हळूच डब्यात ओतलं. तळाशी चिकटलेली वात करंगळीनं सोडवून काठाला आणली. पळीनं तेल मोजून घातलं. एक पळी. दुसरी अर्धीच.

“लाव,” म्हणाल्या.

भिजलेली वात पेटायला वेळ लागला. अखेर निळा ठिपका दिसला. मग पिवळा झाला.

माईंनी पणती पादुकांपुढे नीट सरकवली.

“ती दुसरी माळ आण इकडे.”

कुमुदताईंनी खोकं दिलं.

“मला वाचता येत नाही एवढं बारीक. तिच्या पिनेपाशी काय लिहिलंय?”

कुमुदताईंनी चष्मा लावला. पिन खोक्यातून काढून उजेडाकडे धरली.

“पाच… आणि पुढे इंग्रजीतला व्ही.”

“आणि त्या बॅटरीवर?”

सोलरची बॅटरी ओसरीच्या टोकाला लाकडी पेटीत होती. कुमुदताई वाकल्या. धूळ पदरानं पुसली.

“बारा.” मग त्या क्षणभर थांबल्या. “पण माई, बारा म्हणजे जास्तच झाले ना. कमी असते तर मी समजू शकले असते. पाच मागितले आणि बारा दिले, तर…”

बोलता बोलता त्यांची नजर फरशीवरच्या तेलावर गेली.

वाक्य तिथेच राहिलं.

“स्कूटरची किती होती?” माईंनी विचारलं.

“…बाराच असेल.”

“आणि बिस्कीट?”

कुमुदताई हसल्या नाहीत. पण चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे थोडे खाली आले.

ते क्षणभरच. लगेच त्यांनी आभाळाकडे पाहिलं. टेकडीमागे सूर्य उतरत होता. खाली गावात एकही दिवा नव्हता.

“मग आता कशावर लावू? वीज काही आज येत नाही. सेलवाली माळ आणायची तर बाजार अर्ध्या तासावर. सातच्या आत… माई, आजची चुकली तर? काल जळाली तरी निदान लागली तरी होती. आज अंधारात आणि तिकडे डॉक्टर…”

“तुझा फोन चालू कसा? तुझ्या घरी तर कालपासून वीज नाही.”

“येताना कासमभाईंच्या रिक्षात चार्जिंगला लावला होता.”

“रिक्षाची बॅटरी केवढी?”

कुमुदताईंनी पायऱ्यांखाली पाहिलं.

“कासमभाई! तुमच्या रिक्षाची बॅटरी किती हो?”

“बारा व्होल्ट, ताई. काय झालं?”

“मग माझा फोन जळला कसा नाही?”

कासमभाई हसले. “फोन काय थेट बॅटरीला लावला का आपण? मधे डबी आहे ना. बॅटरी बारा देते, डबी पाचच पुढे सोडते. नाहीतर सगळ्या पॅसेंजरनी माझ्याकडून नवीन फोन घेतले असते.”

“पाच?”

“पाच.”

कुमुदताईंनी हातातल्या माळेची पिन पाहिली. चपटी, चौकोनी. फोनच्या वायरीचं दुसरं टोक असतं, अगदी तशीच. एकशे ऐंशी दिवस त्या ती माळ फोनच्याच चार्जरच्या ठोकळ्यात खोचत आल्या होत्या. रोज. ह्याच हातांनी.

“कासमभाई, ती डबी… काढता येते का हो?”

“दोन स्क्रू आहेत. पण ताई, मला साडेसातला स्टँडवर…”

वर ओसरीवर उभ्या राहिलेल्या बाईंचं तोंड त्यांनी पाहिलं आणि पुढचं बोलले नाहीत.

डबी काडेपेटीएवढी होती. एका बाजूला लाल आणि काळी अशा दोन तारा, दुसऱ्या बाजूला चपटं भोक. कासमभाईंनी मठाच्या बॅटरीपाशी उकिडवं बसून आधी दोन्ही टोकं निरखली.

“ताई, जरा टॉर्च धरा. लाल लालवर, काळी काळ्यावर. हे उलटं झालं तर डबी बसेल आणि मी पण बसेन.”

“तुम्हांला नक्की माहीत आहे ना, कासमभाई? ही एकच उरली आहे. जोडीतली ही शेवटची.”

“ताई, हात हलवू नका, उजेड नाचतोय.”

उजेड खरंच नाचत होता. कुमुदताईंनी एका हातानं दुसरा हात धरला.

माईंनी माळ आपल्या हातानं पादुकांभोवती गुंडाळली. घाई नाही. एकेक वेढा. शेवटी पिन कुमुदताईंच्या हातात दिली.

“मी? नको, माई, माझ्या हातून काल…”

“व्रत कुणाचं?”

कुमुदताईंनी पिन डबीच्या भोकाशी नेली. मागे घेतली. उलटून पाहिली. पुन्हा नेली. डोळे घट्ट मिटले.

आत गेल्याचं बोटांना कळलं.

काही आवाज नाही. वास नाही.

“उघडा डोळे, ताई,” कासमभाई म्हणाले.

माळ लागली होती.

पण कालच्यासारखी नाही. भिंती उजळल्या नाहीत, कुणाचे डोळे दिपले नाहीत. पादुकांभोवती हळदीच्या पाण्यासारखा पिवळसर, मऊ उजेड. रोज देवघरात असायचा तसाच.

“एवढीच?” कुमुदताईंच्या तोंडून निघून गेलं. “काल किती लख्ख लागली होती.”

“किती वेळ?” माई म्हणाल्या.

हात जोडावेत तर डोळे मिटावे लागतील, म्हणून कुमुदताईंनी हातही जोडले नाहीत. नुसत्या माळेकडे बघत राहिल्या. आत्ता विझेल… आत्ता विझेल… एक मिनिट गेलं. दोन गेली. कासमभाईंनी डबीला बोट लावून पाहिलं, गार होती. ते खाली जाऊन पायरीवर बसले.

आणि फोन वाजला.

जावयांचा नंबर होता.

पावणेसात. सात वाजायचे होते. सातच्या आधी का केला असेल? फोन कानाला लावेपर्यंत कुमुदताईंनी मनात सगळं पाहून टाकलं. हिरवं कापड, पिंजऱ्यासारखी काचेची पेटी, सगळं.

“आई, प्रमोद बोलतोय. हर्षदाला तुमच्याशी बोलायचंय. ती स्वतःच म्हणाली. पण…” जावई अडखळले. “दोनच मिनिटं हं, आई. प्लीज.”

खुडबुड झाली. मग श्वास ऐकू आला. त्या श्वासावरून त्यांनी लेक ओळखली.

“आई…”

सगळं एकदम ओठांशी आलं. डाव्या कुशीवर आहेस ना, डोकं दुखतंय का, डॉक्टर काय म्हणाले, अंगारा, मीठ, काल माळ जळाली गं, माझा जीव कसा अर्धा झालाय…

समोर ती डबी होती. काडेपेटीएवढी. एकीकडे मठाची अख्खी बॅटरी, दुसरीकडे केसाएवढी तार, आणि मधे ती.

कुमुदताईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“बोल गं,” म्हणाल्या.

पलीकडे पंखा कुरकुरत होता.

“आई, तू रडत नाहीयेस?”

“नाही.”

“बरं…”

कुमुदताईंनी पदराचा बोळा मुठीत धरला होता. माई तांदळाचं सूप परत मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण निवडत नव्हत्या.

मग हर्षदा हळूहळू बोलू लागली. खोलीतला पंखा कुरकुर करतो. शेजारच्या खाटेवरची बाई इतकी घोरते की नर्स येऊन बघून गेली. प्रमोदनं घरून पेज करून आणली, त्यात पाणीच पाणी. तुझ्या हातचा मऊभात खावासा वाटतोय, मेतकूट घालून.

“हं,” कुमुदताई म्हणत होत्या. “हं.”

“आणि बाळ लाथा मारतंय. आत्ताच मारली. तुझा आवाज ऐकून असेल.”

“हं,” त्या म्हणाल्या. ह्या वेळी तो हुंकार नीट उमटला नाही. त्यांनी ओठ दाबून धरले.

“आई, मघाशी मोजलं. थोडं उतरलंय म्हणे. सात वाजता परत बघतील.”

कुमुदताईंच्या तोंडात प्रश्न आले. किती उतरलं? वरचा आकडा काय, खालचा काय? थोडं म्हणजे किती? परत वाढलं तर?

त्यांनी ते तसेच गिळले.

“बरं,” म्हणाल्या.

“झोप येतेय गं. तीन दिवसांत आज पहिल्यांदा येतेय. ठेवू?”

“ठेव. झोप तू.”

फोन बंद झाला. एक मिनिट पन्नास सेकंद.

खाली गावात काळोख दाटला होता. सात वाजायला अजून दहा-बारा मिनिटं होती. कुमुदताईंनी फोन उपडा करून मांडीवर ठेवला. हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माईंच्या सुपातले मूठभर तांदूळ आपल्या पदरात घेतले आणि निवडू लागल्या. एक खडा सापडला. दुसरा सापडला नाही.

“माई…”

“हं.”

“आज मी तिला काहीच दिलं नाही हो. धड एक शब्दसुद्धा नाही.”

माईंनी पादुकांकडे पाहिलं.

“माळ अजून लागलेली आहे ना गं?”